तंबूगाडीतला एसी

कुणाच्या घरी गेलं की लोक चप्पल काढतात, पाणी पितात, ख्यालीखुशाली विचारतात. आमचे सर चप्पल काढायचे आणि थेट एसीच्या जाळीखाली जाऊन उभे राहायचे. खिशातून टिश्यू पेपरची पट्टी काढून जाळीसमोर धरायचे, ती किती फडफडते ते बघायचे आणि यजमानांना सांगायचे, "फिल्टर धुवा. दिवाळीपासून धुतलेला नाही." घरातली बाई ओशाळायची, कारण ते खरं असायचं. एकदा गणपतीच्या आरतीला हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते आणि सर माणसं मोजत होते. त्यांच्या हिशेबी एक माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा. "चारशे दिवे लागलेत," ते माझ्या कानाशी म्हणाले, "आणि मशीन अडीचशेचं. मंत्रपुष्पांजलीपर्यंत कोणीतरी चक्कर येऊन पडणार." मंत्रपुष्पांजलीला खजिनदार पडले. सरांनीच त्यांना लिंबू सरबत पाजलं आणि हॉलच्या मॅनेजरला हवा नेणाऱ्या डक्टचा आकार कागदावर काढून दिला.

दुबईत आलेला मराठी माणूस पहिली काही वर्षं दिरहमचे रुपये करण्यात घालवतो. सर माणसांचे वॉट करत. तो त्यांचा धंदाच होता. बर दुबईतल्या एका कन्सल्टन्सीत ते इमारतींच्या एसीचं डिझाइन करायचे. कुठल्या मजल्याला किती टन, डक्ट कुठून न्यायचा, हवा कुठे सोडायची. मी पुण्याहून त्यांच्या हाताखाली आले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं अशा समजुतीत होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "ही पुण्याची. आपल्या खोलीत आता अकरा दिवे." पुढचे दोन आठवडे त्यांनी माझा एकही कागद पहिल्या फेरीत पास केला नाही. मी बाथरूममध्ये जाऊन दोनदा रडले, तिसऱ्यांदा मात्र भांडले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

दुबई मरीनातल्या कितीतरी टॉवरांत सरांनी काढलेले डक्ट आहेत. आणि हाच माणूस डबा उघडता उघडता सांगायचा, "एसी ही सवय आहे, गरज नाही. आपले आजोबा काय एसीत वाढले?" अंगात भर जूनमध्ये हातविणीचा बिनबाह्यांचा स्वेटर. आमचा मलयाळी ड्राफ्ट्समन म्हणायचा, "सर, हलवाई अपनी मिठाई नहीं खाता।" सर खूश व्हायचे. त्यांना ती स्तुती वाटायची.

म्हणून एका शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी पोहे खायला गेले तेव्हा मी चाट पडले. घराचा नुसता फ्रीज करून ठेवला होता. दार काकूंनी उघडलं, अंगात पातळ सुती कुडता. त्यांच्यामागे सर, माकडटोपी आणि लोकरी मोजे घालून. सोफ्यावर त्यांची मुलगी ब्लँकेटमध्ये पाय खुपसून अभ्यास करत होती. "हसू नकोस," सर म्हणाले, "आमच्याकडे बारमाही काश्मीर आहे." मी पोट धरून हसले. मग स्वयंपाकघरात कोथिंबीर चिरता चिरता काकूंनी कारण सांगितलं आणि माझं हसू तिथेच थांबलं.

सात वर्षांपूर्वी काकूंना नसांचा आजार निघाला होता. अंग तापलं की पाय ऐकत नाहीत, डोळ्यांपुढे धूसर होतं. गार वाटलं की हळूहळू पुन्हा ठीक. "मेणबत्तीसारखं झालंय माझं," त्या म्हणाल्या. त्या आवाजात कीव नव्हती. काकू पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या आणि सुट्टीत पोरांना घेऊन किल्ले चढायच्या. दुबईत त्यांचा भूगोल घर, गाडी आणि मॉल एवढाच उरला होता. दुबईबाहेर हत्ता गावाकडे जाताना लागतात ते उघडे, तपकिरी डोंगर त्यांनी गाडीच्या बंद काचेतून पाहिले होते. "ते डोंगर नाहीत गं," त्यांनी मला सांगितलं. "समुद्राचा तळ आहे तो, वर आलेला. वर्गात शिकवलं होतं मी. एकदा चालत जाऊन हात लावायचाय. गाडीतून उतरून, स्वतःच्या पायांनी."

एवढीच मागणी. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी ती सहज पुरी झाली असती. पण ते तेजीचे हिवाळे होते. सरांना शुक्रवारीही साइटवर बोलवायचे. हा टॉवर हँडओव्हर झाला की जाऊ, असं ते दरवर्षी म्हणायचे. टॉवर हँडओव्हर व्हायचे आणि पुढचा सुरू व्हायचा. एका दुपारी ड्रॉइंगवरून मान वर न करता ते मला म्हणाले, "मी तिचे सहा हिवाळे विकले. चांगल्या भावाने विकले." मी पेन्सिलीला टोक करत बसले.

मग मंदी आली. प्रोजेक्टांच्या फायलींवर 'होल्ड' असं लिहिलं जाऊ लागलं आणि ऑफिसातली माणसं एकेक करून निघाली. त्या वेळची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही, ती म्हणजे आमच्या खोलीतली थंडी. अकरा जणांसाठी सोडलेली हवा आता पाचजणांवर पडत होती आणि इमारतीचा मालक मशीनला हात लावू देत नव्हता. आम्ही शाली पांघरून बसायचो. सर रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "माणसं कमी झाली की खोली गार पडते. वीस वर्षं मी हे गणितात लिहितोय, अंगावर आज आलं." त्यांनी ड्राफ्ट्समनला आपला स्वेटर दिला. नोकरी आज जाते की उद्या, आणि गेली तर व्हिसा जाऊन महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, हे पाचही जणांच्या डोक्यात होतं. सरांच्या डोक्यात त्याच्या जोडीला आणखी एक होतं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्यांच्यापाशी वेळ होता, आणि नेमकी मुलीची बारावी होती. आईला मुलीशिवाय जायचं नव्हतं. परीक्षा एप्रिलमध्ये संपणार होती आणि जूनमध्ये मुलगी कॉलेजला पुण्याला जाणार होती. तिघांच्या वाट्याला उरला होता एकटा एप्रिल, आणि इथला एप्रिल म्हणजे ऊन.

फेब्रुवारीत त्यांच्या बिल्डिंगमधला एक गोरा प्रोजेक्ट मॅनेजर देश सोडून निघाला. जाताना तो आपला पॉप-अप कॅम्पर सरांच्या गळ्यात मारून गेला. दोन चाकांवरची एक बुटकी पेटी, गाडीमागे जोडून न्यायची. हँडल फिरवलं की तिचं छप्पर वर उचललं जातं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात आणि मधे ताडपत्रीच्या भिंती ताणल्या जातात. सरांनी तिचं नाव ठेवलं तंबूगाडी. डिस्कव्हरी गार्डन्समागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत ती उभी राहिली आणि येणारा-जाणारा मराठी माणूस तिच्याभोवती फेरी मारून मत देऊ लागला. एकच चर्चा: तंबूला एसी लावण्यात अर्थ आहे का? एक गृहस्थ म्हणाले, कापडाच्या भिंती, थंडावा राहणार कसा. दुसरे म्हणाले, जनरेटर ओरडणार, मग निसर्ग कसला ऐकता. तिसरे म्हणाले, त्यापेक्षा हॉटेलात राहा की. सर सगळ्यांचं वहीत टिपून घेत. स्वतःच्या घरचं कारण मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ऑफिसात काम नव्हतंच. सरांनी तंबूगाडीचं रीतसर डिझाइन सुरू केलं. छापील फॉर्मवर लिहिलं, प्रोजेक्ट: तंबूगाडी. क्लायंट: सौ. ताडपत्रीतून किती ऊन आत येईल, झिपांच्या फटींतून किती हवा गळेल, घरचे तीन दिवे धरून उत्तर काढलं. उत्तर एवढं मोठं आलं की मला वाटलं त्यांचा दशांश चिन्हाचा गोंधळ झाला. त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. माझंही तेच आलं. "ताडपत्रीचं घर म्हणजे चाळण," सर म्हणाले. "ठीक आहे. मोठं मशीन लावू. छपरावर बसवू." शारजातल्या गॅरेजमधला पठाण मेकॅनिक तंबूगाडीकडे बघून म्हणाला, "हबीबी, कपड़े के घर में एसी?" आणि मग सरांचा चेहरा बघून, "ठीक है सर, इन्शाल्ला चलेगा." मशीन छपरावर घट्ट बसलं. गळतीचा थेंब नाही, कंपन नाही. सरांनी चारही बोल्ट स्वतः तपासले.

त्या शुक्रवारी सकाळी वाळूत उद्घाटन होतं. काकू गाडीत काच वर करून, एसी लावून बसल्या होत्या. मी आणि मुलगी बाहेर. सरांनी हँडल धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. छप्पर वीतभर वर गेलं. तारा करकरल्या. सरांनी जोर लावला, मी जोर लावला, आम्ही दोघांनी मिळून लावला. छप्पर वीतभर होतं तिथेच राहिलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, डिड यू कॅल्क्युलेट द वेट?"

सर थांबले. घाम पुसला. छपराकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. त्यांनी टनांची गणितं केली होती, पण ती थंडाव्याच्या टनांची. वजन काढलंच नव्हतं. मीही नव्हतं काढलं, आणि मला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही. आमच्या धंद्यात छपरावर दोन हत्तींएवढं मशीन ठेवलं तरी आम्ही ड्रॉइंगवर नुसता चौकोन काढून पाठवतो. खालचा स्लॅब ते कसं पेलणार हे बघायला स्ट्रक्चरलवाले बसलेले असतात.

"वजन," सर शेवटी म्हणाले, "आमच्या स्कोपमध्ये येत नाही."

बंद काचेआड काकू हसत होत्या. आवाज येत नव्हता, पण त्या डोळे पुसत होत्या. मला सरांचा राग आला, दयाही आली. परीक्षा संपायला तीन आठवडे उरले होते, आणि एवढ्या खटाटोपाचं फळ म्हणजे वीतभर उघडलेली पेटी. सर त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मशीन उतरवलं आणि तंबूगाडी विकायची जाहिरात लिहायला घेतली.

इथे मला जरा पुढचं सांगून टाकायला हवं. आमचं ऑफिस त्या मंदीत बुडालं नाही, अर्ध्या पगारावर तगलं. रिकाम्या खुर्च्या दोन-तीन वर्षांत भरल्या. आज माझ्या हाताखाली पाच पोरं आहेत. एसी कुठल्याही इमारतीचा असो, मी त्यांना गणिताआधी एक प्रश्न विचारायला लावते: नेमकं कोणाला गार ठेवायचंय? पोरांना वाटतं ही बाईंची खोड आहे. हा प्रश्न माझा नाही. तो त्या संध्याकाळी काकूंनी विचारला होता, जाहिरातीचा कागद सरांच्या हातातून काढून घेत.

"अहो, हा एवढा थंडावा कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग सगळा तंबू कशाला गार करताय? मी एका पलंगावर बसते. तेवढाच करा."

मी तिथेच होते, रताळ्याचे काप खात होते. वीस वर्षं ज्या माणसाने बिल्डरांना 'तुमची रिक्वायरमेंट लेखी द्या' म्हणून पिडलं, त्याने घरच्या क्लायंटला एकदाही विचारलं नव्हतं. सरांनी फॉर्म आणून काकूंपुढे ठेवला. आमच्याकडे ड्रॉइंग तपासून शिक्का मारतात: 'ए' म्हणजे मंजूर, 'सी' म्हणजे दुरुस्त करून परत आणा. काकूंनी लाल पेनाने मोठा 'सी' काढला आणि खाली मास्तरणीच्या अक्षरात लिहिलं, 'एक पलंग. जाड पडदा. आवाज लांब.'

मग जे सुरू झालं ते मला अजून सुखाचं वाटतं. पलंगाभोवती जाड पडदा हवा, तर गोधडीइतकं चांगलं काय? त्या महिन्यात डिस्कव्हरी गार्डन्समधून रोज कुणी ना कुणी परत निघत होतं आणि जाणारी कुटुंबं चादरी, पडदे, गाडीच्या काचेला लावायचे चंदेरी पत्रे मागे ठेवून जात होती. काकूंनी ते सगळं मागून आणलं. कुणाची निळी चादर, कुणाच्या बाळाची हत्तींची दुपटी, आमच्या ऑफिसातून गेलेल्या अकाउंटंटच्या घरचे पडदे. आम्ही दोघींनी त्या बर्फगार घरात बसून धावदोरे घातले. माझ्या टाक्यांना काकू हसत. मुलगी भूगोलाचा नाही, अकाउंट्सचा अभ्यास करत मधूनच मान वर करून म्हणे, "धिस इज सो वीअर्ड, आई," आणि सुई ओवून द्यायची. बाहेरून चंदेरी पत्रे, आतून गोधडी, पलंगाखालच्या टणक पेटीत एक छोटं खिडकीचं मशीन आणि त्यातून वर आलेला हातभर डक्ट. छपरावर काही नाही. सरांनी या वेळी वजन काढलं, दोनदा काढलं, आणि ड्राफ्ट्समनकडून तपासून घेतलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मुलीचा शेवटचा पेपर झाल्यावरच्या गुरुवारी आम्ही निघालो. मला नेलं, कारण सर म्हणाले, "गोधडी तू शिवलीस, टेस्टिंगला तूच हवीस." हत्ताच्या अलीकडे एका कोरड्या ओढ्याच्या काठी तंबूगाडी लावली. हँडल फिरवताना सर ओठ घट्ट मिटून होते. छप्पर सरळ वर गेलं. जनरेटर त्यांनी लांब खडकाआड ठेवला आणि तिथपर्यंत वायर ओढली. दुसऱ्या पलंगावर मी आणि मुलगी निथळत झोपलो. समोरच्या गोधडीआड काकू गार झोपल्या होत्या.

सकाळी उजाडताच सरांनी पडद्याआड थर्मामीटर धरला. एकवीस. त्यांनी वेळापत्रकही करून आणलं होतं: बाहेर बारा मिनिटं, आत पंचवीस. ओला टॉवेल खांद्यावर टाकून, घड्याळ हातात धरून ते पायरीपाशी उभे राहिले. काकू काठी घेऊन उतरल्या.

"मी येतो बरोबर."

"तुम्ही मशीनकडे बघा," काकू म्हणाल्या.

त्या ओढ्यातल्या गोट्यांवरून हळूहळू पलीकडच्या कड्यापाशी गेल्या. हात पूर्ण उघडून खडकावर ठेवला. किती वेळ ठेवला ते सरांना माहीत असेल, मी मोजलं नाही. परत येताना शेवटच्या दहा पावलांना त्यांचा डावा पाय फरपटू लागला. मी धावायला निघाले तर सरांनी माझी बाही धरली. "थांब," ते म्हणाले. काकू स्वतःच पायरी चढल्या, गोधडी बाजूला केली आणि आत गेल्या.

पंचवीस मिनिटांनी पडदा सरकला आणि त्या पुन्हा काठी घेऊन उभ्या राहिल्या.

"अगं, झालं ना आता," सर म्हणाले. "सिस्टिम उत्तम चाललीय. निवांत आत बस की."

"आत बसायला घरी काय कमी जागा आहे?" काकू म्हणाल्या आणि उतरल्या.

आयुष्यभर सरांनी माणसांना आत ठेवण्यासाठी हवा गार केली होती. त्या सकाळी त्यांचं मशीन दर अर्ध्या-पाऊण तासाने एका माणसाला बाहेर पाठवत होतं, आणि हे त्यांच्या ध्यानात येताना मी बघत होते. तिसऱ्या खेपेला काकू कड्याच्या पुढे गेल्या. चौथ्या खेपेला ओच्यात दोन काळपट हिरवे दगड घेऊन आल्या आणि मुलीला समुद्राच्या तळाचा धडा दिला. मुलीने "ओके, दॅट्स ॲक्चुअली कूल" असं म्हणून दगड हातात घेतला. पाचव्या खेपेपर्यंत दहा वाजले होते. ऊन चांगलंच चढलं होतं. काकू ओढ्याच्या वळणाकडे निघाल्या, जिथे आम्ही कोणी अजून गेलो नव्हतो. घड्याळ सरांच्या हातात होतं, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते.

"आई, इट्स टू हॉट. कम बॅक," मुलीने हाक मारली.

"तापले की येईन गं," काकू मागे न बघता म्हणाल्या. "यायला जागा आहे ना आता."

आणि त्या वळणाआड गेल्या. सर पायरीवर बसून राहिले, उठले नाहीत.